हृदयाला रोज पळवायचे, तर ते झिजत कसे नाही?

वाटचाल यांचा प्रश्न

नमस्कार.

माझे वय ४७ आहे. वडिलांना ५४व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि रुग्णालयात पोहोचण्याआधीच ते गेले. माझे काम दिवसभर खुर्चीत बसून करण्याचे आहे. गेल्या महिन्यात तपासणी करून घेतली, तेव्हा रक्तदाब १३८/८८ भरला, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) वाढलेले निघाले आणि वजनही असायला हवे त्याहून ११ किलोंनी जास्त आहे. ईसीजी आणि टू-डी इको मात्र व्यवस्थित आहेत. डॉक्टरांनी ‘रोज एरोबिक व्यायाम सुरू करा, चालणे, पोहणे, सायकल, काहीही चालेल’ एवढे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. बाहेर रांग मोठी होती, त्यामुळे माझी शंका मनातच राहिली. ती इथे मांडतो.

एखादे यंत्र जितके जास्त चालवावे तितके ते लवकर झिजते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. स्वस्थ बसलेलो असताना माझी नाडी मिनिटाला ७५च्या आसपास असते आणि भरभर चालू लागलो की ती १२०वर जाते. म्हणजे ज्या अवयवाला जपायचे, त्यालाच आपण जास्त राबवतो. मग यातून त्याचे संरक्षण कसे होते? ‘रक्ताभिसरण सुधारते’, ‘हृदय बळकट होते’ ही वाक्ये मी बऱ्याच ठिकाणी वाचली आहेत. परंतु सुधारते म्हणजे शरीरात नेमके कुठे आणि काय बदलते, हे कळल्याशिवाय माझे मन एखाद्या गोष्टीवर टिकत नाही.

दुसरी शंका माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांमुळे आली. ते दहा वर्षे नियमाने पळत होते आणि तरीही गेल्या वर्षी त्यांना झटका आला. ते वाचले, परंतु तेव्हापासून ‘इतके पळून त्यांनी काय मिळवले?’ हा प्रश्न आमच्यात सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याचे उत्तर मला देता येत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


क्रियाविज्ञान यांचे उत्तर

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. आपला पहिला प्रश्न दरवर्षी वर्गात एक तरी विद्यार्थी विचारतो आणि तो विचारला गेला की मला बरे वाटते, कारण त्याचे उत्तर ठरावीक वाक्यांनी देता येत नाही.

आधी साधा हिशेब करू. आपण रोज ४० मिनिटे भरभर चाललात आणि त्या वेळात नाडी ७५ऐवजी १२० राहिली, तर मिनिटाला ४५ याप्रमाणे १,८०० ठोके जास्त पडले. काही महिन्यांच्या नियमित व्यायामानंतर स्वस्थ असतानाची नाडी ७५वरून ६५वर आली, तर उरलेल्या १,४०० मिनिटांत मिनिटाला १० याप्रमाणे १४,००० ठोके वाचले. म्हणजे हृदयाचे दिवसभराचे काम वाढले नाही, उलट कमी झाले. नाडी उतरते ती दोन कारणांनी. एक म्हणजे हृदयाची डावी जवनिका, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा डावा खालचा कप्पा, दर ठोक्याला अधिक रक्त भरून घेऊ लागते व अधिक रक्त बाहेर टाकू लागते. आणि दुसरे म्हणजे हृदयाचा वेग आवरून धरणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो. त्याच वेळी पायांच्या स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींमधील मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारी केंद्रे, वाढतात आणि आलेल्या रक्तातून अधिक प्राणवायू काढून घेण्याची स्नायूंची क्षमता वाढते, त्यामुळे तेच काम करून घेण्यासाठी हृदयाकडे पूर्वीइतके रक्त मागावे लागत नाही.

तथापि, प्रत्येकाला ठरावीक ठोके मिळालेले असतात आणि ते संपले की आयुष्य संपते, असा याचा अर्थ कृपया काढू नये. ठोक्यांच्या संख्येपेक्षा दोन ठोक्यांमधला अवकाश महत्त्वाचा असतो. इतर सर्व अवयवांना हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्ताचा जोर मिळतो. हृदयाच्या डाव्या बाजूच्या स्नायूला मात्र स्वतःचे रक्त बहुतांशी तो सैल होतो तेव्हाच मिळते, कारण आकुंचनाच्या वेळी त्याच्या आत शिरलेल्या रक्तवाहिन्या त्याच्याच दाबाने आवळल्या जातात. मिनिटाला ७५ ठोके असताना एका ठोक्याचे पूर्ण चक्र ०.८ सेकंदाचे असते आणि त्यातील सुमारे अर्धा सेकंद सैल होण्याचा असतो. नाडी ६०वर आली की चक्र एका सेकंदाचे होते आणि वाढलेला बहुतेक सगळा वेळ या विश्रांतीच्या वाट्याला जातो. शिवाय हृदयाचा स्नायू स्वस्थ असतानाही मिळालेल्या रक्तातील ७० ते ८० टक्के प्राणवायू काढून घेत असतो, म्हणजे गरज वाढली तर तेवढ्याच रक्तातून आणखी काढून घ्यायला फारसे काही शिल्लक नसते. जास्त रक्त येऊ देणे हाच मार्ग उरतो. म्हणून हृदयाचे भवितव्य त्याच्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून असते. झटका येतो तो बहुधा स्नायू थकल्याने नव्हे, तर त्याला रक्त पुरवणारी वाहिनी अचानक बंद पडल्याने. ‘झिजणारा पंप’ ही उपमा फसते ती इथे.

आता त्या वाहिन्यांकडे वळू. प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकपदरी थर असतो, त्याला आपण अस्तर म्हणू. तो नुसता गुळगुळीत लेप असावा, असे पूर्वी मानले जात होते. रॉबर्ट फर्चगॉट हे अमेरिकी संशोधक सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर अॅसिटिलकोलीन या द्रव्याचा परिणाम पाहत असत. पट्टी तयार करताना आतला थर घासला गेला असेल, तर ती या द्रव्याने सैल होत नसे. थर शाबूत असेल, तर व्यवस्थित सैल होत असे. १९८० मध्ये त्यांनी दाखवून दिले, की वाहिनीला सैल होण्याचा निरोप हा अस्तराचा थरच देतो. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि १९९८चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फरिद मुराद यांना मिळाले.

याचा आपल्या चालण्याशी थेट संबंध आहे. रक्त वेगाने वाहू लागते, तेव्हा ते अस्तराला स्पर्श करत, त्याला प्रवाहाच्या दिशेने हलकेच ओढत जाते. ही ओढ अस्तराच्या पेशींना जाणवते आणि त्या नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. त्यामुळे वाहिनी रुंदावते, रक्त गोठवणाऱ्या रक्तबिंबिका अस्तराला चिकटण्याचे प्रमाण घटते आणि दाह निर्माण करणाऱ्या पांढऱ्या पेशींना भिंतीत शिरणे अवघड जाते. ही ओढ रोज अर्धा-पाऊण तास मिळत राहिली, तर नायट्रिक ऑक्साइड तयार करण्याची अस्तराची क्षमताच वाढते. उलट बाजूचा पुरावाही शवविच्छेदनात डोळ्यांनी दिसतो: चरबीचे थर धमनीत सगळीकडे सारखे साचत नाहीत, तर जिथे फाटे फुटतात आणि प्रवाह सरळ न राहता घुटमळतो, त्या कोपऱ्यांत ते आधी साचतात. जिथे ओढ कमी, तिथे रोग आधी. मला स्वतःला संपूर्ण शरीरक्रियाशास्त्रातील ही एक अत्यंत सुंदर गोष्ट वाटते.

रक्तदाब, साखर आणि चरबी यांच्याविषयी थोडक्यात लिहिते, कारण ते बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर आत घेऊ शकतो आणि व्यायामानंतर एक-दोन दिवस तो इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतो. स्नायूंतील वाहिन्यांच्या भिंतींवर ट्रायग्लिसराइडचे विघटन करणारे विकर वाढते, त्यामुळे आपल्या अहवालातील तो आकडा व्यायामाला सहसा चांगला बधतो. एका वेळच्या व्यायामानंतरही रक्तदाब काही तास खाली राहतो. हे परिणाम अल्पजीवी असल्यामुळेच सातत्याचा एवढा आग्रह धरला जातो.

हे सर्व माणसांत खरोखर दिसते का, हा प्रश्न उरतो. तो पहिल्यांदा नीट विचारला जेरी मॉरिस यांनी, लंडनमध्ये. तिथल्या दुमजली बसगाड्यांचे चालक दिवसभर बसून असत आणि वाहक दिवसभर जिना चढत-उतरत. एका पाळीत त्यांच्या पाचशे ते साडेसातशे पायऱ्या होत. दोघांचा पगारवर्ग, शहर आणि संस्था एकच. मॉरिस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार वाहकांमध्ये हृदय-धमनीचा रोग चालकांपेक्षा कमी होता आणि झटक्याने लगेच मृत्यू येण्याचे प्रमाण तर निम्म्याहूनही कमी होते. चालक मुळातच स्थूल असतील, हा आक्षेप साहजिक होता. म्हणून मॉरिस यांनी गणवेशाच्या नोंदींमधून विजारींच्या कमरेची मापे मिळवली. चालकांच्या कमरा खरोखरच रुंद निघाल्या. परंतु सारख्याच मापाच्या चालक-वाहकांची तुलना केली, तरी वाहकांचा धोका कमीच राहिला. बारीक असणे आणि हालचाल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून कळत आले आहे.


रात्रपाळी यांचे उत्तर

मी फिजिशियन आहे. आधीच्या प्रतिसादात यंत्रणा इतक्या स्पष्टपणे आली आहे, की त्यात भर घालण्याचे कारण नाही. मी आपल्या सहकाऱ्यांविषयीच्या प्रश्नाकडे येतो, कारण हा प्रश्न अनुत्तरित राहिला की माणसे व्यायाम सोडून देतात.

अमेरिकेत सामान्य माणसाला पळायची गोडी लावणाऱ्यांत जिम फिक्स यांचे नाव अग्रभागी होते. १९८४ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, रोजच्याप्रमाणे पळायला गेले असताना त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्यांत मोठे अडथळे आढळले. ‘पळणेच घातक’ अशी चर्चा तेव्हाही झाली. परंतु पूर्ण माहिती अशी आहे, की त्यांच्या वडिलांना ३५व्या वर्षी पहिला झटका आला होता आणि ४३व्या वर्षी ते वारले होते. फिक्स स्वतः पस्तिशीत पळू लागले, तेव्हा ते स्थूल होते आणि भरपूर धूम्रपान करत होते. व्यायामाने त्यांची आनुवंशिकता पुसली गेली नाही. वडिलांपेक्षा नऊ वर्षे जास्त मिळाली, ती व्यायामामुळे की कशामुळे, हे एका माणसावरून ठरवता येणार नाही; आपल्या सहकाऱ्यांबाबतही ते एकट्या उदाहरणावरून ठरणार नाही. व्यायाम धोका कमी करतो, शून्य करत नाही. ज्या दहा-बारा गोष्टींवर झटका अवलंबून असतो, त्यांतील एक त्याच्या हाती आहे आणि इतर काहींवर त्याचा अंशतः परिणाम होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. एलडीएल, म्हणजे धमन्यांच्या भिंतींत साचणारे कोलेस्टेरॉल, व्यायामाने फारसे उतरत नाही. ज्यांचे एलडीएल आनुवंशिकतेने फार वाढलेले असते, त्यांनी ‘मी रोज चालतो’ म्हणून औषध नाकारणे, हे मी माझ्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार पाहतो आणि दर वेळी मला काळजी वाटते. आपण आपला एलडीएलचा आकडा लिहिलेला नाही. वडिलांचा इतिहास पाहता तो विचारून घ्या आणि त्याचा निर्णय चालण्यावर सोपवू नका.

आता व्यायाम करतानाचा धोका. तो आहे आणि लपवू नये. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात झटका येऊन वाचलेल्या रुग्णांना, आधीच्या तासाभरात आपण काय करत होतो, हे विचारले गेले. जोरकस श्रमानंतरच्या तासात झटक्याचा धोका एरवीपेक्षा सुमारे सहापट असल्याचे दिसले. परंतु ही सरासरी दिशाभूल करते. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा श्रमाचा व्यायाम करणाऱ्यांत ती वाढ जेमतेम अडीचपटीची होती आणि ज्यांना कसलीच सवय नव्हती, त्यांच्यात ती शंभरपटीहून अधिक होती. एरवी त्या एका तासातला मूळ धोका अतिशय अल्प असतो, हे लक्षात घेतले तरी यातून एक गोष्ट निघते: बारा महिने बसून राहिलेल्या माणसाने एका सकाळी जिद्दीने धावत सुटणे, यासारखी चूक नाही. सवय हेच त्या तासातले संरक्षण आहे आणि सवय टप्प्याटप्प्यानेच लागते.

आपल्यासारख्याने सपाटीवर, आपल्या नेहमीच्या गतीने १० ते १५ मिनिटे चालण्यापासून सुरुवात करावी. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत आणि अर्ध्या तासापर्यंत पोहोचल्यानंतरच गती वाढवण्याचा विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सुचवलेले प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रम, असे आहे. सलग दहा मिनिटांची अट आता उरलेली नाही. जिना चढण्याची तीन मिनिटेही मोजली जातात. मध्यम श्रम ओळखायला घड्याळ लागत नाही: सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता यावे, पण गाता येऊ नये. दोन-तीन शब्दांनंतरच श्वास घ्यावा लागत असेल, तर श्रम जोरकस झाले. ‘२२० वजा वय’ या सूत्राने कमाल नाडीचा अंदाज येतो. परंतु व्यक्ती-व्यक्तीत १० ते १५ ठोक्यांचा फरक सहज पडतो, त्यामुळे त्या आकड्याचा पाठलाग करू नये.

सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटे संथ ठेवा. जोरात चालून एकदम उभे राहिल्यास रक्त पायांत साचते, रक्तदाब घसरतो आणि घेरी येते. चालताना छातीच्या मध्यभागी दडपण आले, जबड्याकडे किंवा हाताकडे कळ गेली, श्रमाच्या मानाने धाप जास्त लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तेथेच थांबा. ‘आम्लपित्त असेल’ असे म्हणून पुढे चालत राहिलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांतले सगळेच परत भेटले नाहीत. आपल्या सहकाऱ्यांना झटक्याआधीच्या आठवड्यांत असे काही जाणवले होते का, हे एकदा विचारून पाहा. नियमित पळणारी माणसे अशा खुणांकडे दुर्लक्ष करतात, कारण आपल्याला काही होणार नाही, अशी त्यांची खात्री असते.

आपला रक्तदाब पाहता डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारा: भरधाव व्यायामाकडे वळण्यापूर्वी ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी का? साध्या चालण्यासाठी ती सहसा लागत नाही. जोरकस व्यायाम करायचा असेल, तर आपल्या घराण्यातील इतिहासामुळे तो प्रश्न रास्त आहे. स्वस्थ असतानाचा ईसीजी व्यवस्थित असणे म्हणजे धमन्या मोकळ्या असणे नव्हे.


दुसरी खेळी यांचे उत्तर

मी डॉक्टर नाही. सहा वर्षांपूर्वी झटका येऊन गेलेला, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवलेला माणूस आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद मी दोनदा वाचले आणि मला जे सांगितले गेले नव्हते, ते त्यात सापडले.

रुग्णालयातून घरी आल्यावर पहिले तीन आठवडे मी पलंग आणि खुर्ची यांच्यापलीकडे गेलो नाही. कुणी मनाई केली होती म्हणून नव्हे. भीती होती. छातीत जरा धडधडले, की वाटायचे, आता सुटले सगळे. हृदय-पुनर्वसनाच्या वर्गाला पत्नीच्या आग्रहामुळे गेलो. तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्या दिवशी मला सहा मिनिटांत जमेल तेवढे चालायला सांगितले. मी २९० मीटर चाललो आणि रडलो. बारा आठवड्यांनी त्याच मार्गिकेवर, त्याच सहा मिनिटांत ४७० मीटर झाले.

मी एक व्यावहारिक गोष्ट सांगू इच्छितो, कारण ती माझ्यासारख्या अनेकांना उपयोगी पडेल. मी बीटा-ब्लॉकर घेतो. त्या औषधाने नाडी वर चढतच नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातील ‘लक्ष्य’ मला कधीच गाठता येत नसे आणि ते गाठण्यासाठी मी गरजेपेक्षा जोर लावत होतो. ताईंनी घड्याळ काढून ठेवायला लावले आणि बोर्ग यांची श्रममापन पट्टी हातात दिली. गुन्नर बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी ती तयार केली. ती ६ पासून २० पर्यंत असते, कारण निरोगी तरुणाच्या बाबतीत तिच्यावरील आकड्याला दहाने गुणले की साधारण नाडी मिळते. आपल्याला किती श्रम वाटतात, ते आपणच प्रामाणिकपणे सांगायचे. मला ११ ते १३ यांच्या मध्ये राहायला सांगितले होते. पुढे त्याची इतकी सवय झाली, की आता तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पोहोचलो की आपोआप मनात ‘बारा’ असा आकडा येतो.

जर्मनीतील लाइपझिगमध्ये झालेला एक प्रयोग आम्हाला वर्गात सांगितला गेला होता, तो इथे लिहितो. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. श्रम केल्यावर छातीत दुखते, परंतु प्रकृती स्थिर आहे, अशा १०१ पुरुषांपैकी निम्म्यांना स्टेंट बसवले आणि निम्म्यांना रोज २० मिनिटे स्थिर सायकल चालवायला लावली. वर्षभरानंतर कोणतीही मोठी हृदयघटना न घडलेल्यांचे प्रमाण सायकलवाल्यांत ८८ टक्के आणि स्टेंटवाल्यांत ७० टक्के होते. प्रयोग लहान होता. शिवाय ज्याला प्रत्यक्ष झटका आला आहे, त्याने सायकल शोधू नये. त्या वेळी वाहिनी उघडणे हाच उपचार असतो आणि माझा जीव त्यानेच वाचला. पण स्टेंट एका जागेचा अडथळा दूर करतो आणि चालणे सगळ्या धमन्यांच्या अस्तरापर्यंत पोहोचते, हे मला त्या दिवशी समजले. तेव्हापासून माझा एकही आठवडा कोरडा गेलेला नाही.


वाटचाल यांचा प्रतिसाद

आपणा तिघांचे मनापासून आभार. दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीचा मुद्दा वाचून माझी शंका फिटली. इतकी वर्षे मी ठोकेच मोजत होतो.

तीन छोटे प्रश्न उरले आहेत. सत्तेचाळिसाव्या वर्षी सुरुवात करून फार उशीर तर झाला नाही ना? आठवडाभर वेळ मिळाला नाही आणि सुट्टीच्या दोन दिवसांत सगळी मिनिटे भरून काढली, तर चालेल का? आणि सहा महिने चालूनही वजन उतरले नाही, तर व्यायाम वाया गेला असे समजायचे का?


क्रियाविज्ञान यांचे उत्तर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते: नाही. मॉरिस यांच्या विजारींच्या मापांचे उत्तर इथेही लागू पडते. वजनकाटा हलला नाही, तरी अस्तर, स्नायू आणि नाडी यांच्यात बदल झालेला असतो. पोटातील अवयवांभोवती साठलेली चरबी तर एकूण वजन फारसे न बदलताही घटू शकते, म्हणून काट्याबरोबर कमरेचा घेरही मोजत जा.

दोन दिवसांत मिनिटे भरून काढणाऱ्यांनाही लाभ होतो, असे मोठ्या पाहण्यांत आढळले आहे. म्हणून ‘रोज जमत नाही, तर नकोच’ असे म्हणू नये. परंतु आपला रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड हे दोन्ही असे आहेत, की त्यांच्यावरील परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. शिवाय पाच दिवस बसून सहाव्या दिवशी जोर लावणे कसे असते, ते रात्रपाळी यांनी लिहिलेच आहे. आपल्याला मी आठवड्यात किमान चार दिवस सुचवीन.

उशिराच्या प्रश्नाचे उत्तर मला विस्ताराने द्यायचे आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले गेले. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, जी दमसासाचे सर्वांत भरवशाचे माप मानली जाते, ती तेवढ्यात सरासरी २७ टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी, ते पाचही जण पन्नाशीत असताना, त्यांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयाने त्यांची क्षमता जितकी घटली होती, त्याहून त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने ती अधिक घटलेली होती. त्यानंतर त्यांना सहा महिने चालणे, संथ पळणे आणि सायकल असा हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला गेला आणि त्यांची सरासरी क्षमता परत विशीतल्या मूळ पातळीवर आली. त्यात हृदयापेक्षा स्नायूंच्या सुधारणेचा वाटा मोठा होता, हेही नमूद करायला हवे.

हृदयाच्या स्नायूचे उत्तर त्याच गावातून २०१८ मध्ये आले. बसून काम करणाऱ्या, ४५ ते ६४ वयोगटातील निरोगी माणसांना दोन वर्षे, आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम करवला. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे १८ टक्क्यांनी वाढली आणि डाव्या जवनिकेचा वयपरत्वे आलेला ताठरपणा लक्षणीयरीत्या कमी झाला. पासष्टीनंतर सुरुवात केलेल्यांवर वर्षभराचा असाच प्रयोग झाला होता. त्यात दमसास सुधारला, परंतु स्नायूचा ताठरपणा गेला नाही. म्हणजे एका विशिष्ट अर्थाने उशीर होऊ शकतो. आपण मात्र त्या वेळेच्या आत आहात आणि आपल्याजवळ अजून बरीच वर्षे आहेत.

एक विनंती आहे. उद्या सकाळी जाग आल्यावर, उठण्यापूर्वी, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि आकडा कुठेतरी लिहून ठेवा. असे तीन दिवस करा व सरासरी काढा. दर महिन्याला पुन्हा मोजा. वजनकाट्यावर काहीच दिसत नसेल, त्या दिवसांत हा आकडा आपल्याला काहीतरी दाखवील.


वाटचाल यांचा प्रतिसाद

तीन सकाळींचे आकडे ७४, ७६ आणि ७२ आले. आज संध्याकाळी १२ मिनिटे चाललो. पूर्ण वाक्यात बोलता येत होते; गाऊन पाहिले, तर दुसऱ्याच ओळीला श्वास तुटला. एलडीएलचा अहवाल आणि स्ट्रेस टेस्टचा प्रश्न घेऊन सोमवारी डॉक्टरांकडे जात आहे. सहकाऱ्यांशीही बोललो. झटक्याच्या आधी तीन आठवडे त्यांना चढावर छातीत जड वाटत होते आणि ते तसेच पळत राहिले होते.